सर्वोपयोगी रायफल

कांहीं प्रश्न दिसावयास बाजारांतले असतात. परंतु हातीं घेऊन उलटेसुलटे करून पाहिले म्हणजे त्यांच्या पोटांत दुसराच प्रश्न दडलेला आढळतो. गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें, त्यांतील प्रश्न या जातीचा होता. हे गृहस्थ भूगर्भशास्त्राच्या व्यवसायानिमित्त अमेरिकेंत गेले, तेथील नागरिक झाले, आणि आतां अलास्का प्रांतांत हमरस्त्यापासून पुष्कळ दूर अशा एका वस्तींत पत्नी व दोन मुलांसह राहतात. तेथें दुकान लांब आणि महाग; म्हणून शेजार्‍यापाजार्‍यांप्रमाणें शरद् ऋतूंत एक मूस मारून त्याचें मांस हिवाळ्यासाठीं सांठवावें असा त्यांचा विचार होता. मूस म्हणजे तिकडील अजस्र सांबरच म्हणाना. मोठा नर सहाशें किलोंच्या पलीकडे जातो आणि त्याचें दोनशें किलोंहून अधिक मांस होतें. शिवाय कामासाठीं ज्या दर्‍याखोर्‍यांतून हिंडावें लागतें त्यांत तपकिरी अस्वलांची वस्ती. पैसे मात्र एकाच रायफलीपुरते. "सर, दहा माणसांस विचारलें तर दहा उत्तरें मिळतात. सर्व कामांस चालेल अशी एकच रायफल कोणती घ्यावी, आणि कोणत्या बोअरची?" असें त्यांनीं विचारलें होतें.

नीतिशास्त्र शिकविणार्‍या माणसास हा प्रश्न कां विचारावा, असें वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटलें. आमच्या हातून जन्मांत एकदांच बंदूक सुटली, ती जत्रेंतील फुग्यांवर, आणि फुगा फुटला नाहीं. परंतु आमचे मामा शिकारी होते, आणि वर्गांत जबाबदारीचा विषय निघाला म्हणजे त्यांची एक गोष्ट आम्ही सांगत असूं. ती या विद्यार्थ्याच्या लक्षांत राहिली होती. मामांच्या पश्चात् त्यांच्या कपाटांतील शिकारीचीं पुस्तकें आमच्याकडे आलीं, आणि सुटींत दुसरें कांहीं हातीं नसलें म्हणजे तीं आम्ही वाचीत गेलों. तेवढ्या शिदोरीवर हें लिहीत आहों.

एकाच हत्याराकडून सर्व कामें करून घ्यावीं ही इच्छा कांहीं निंद्य नव्हे. आमच्या घरची विळी भाजी चिरते, नारळ खोवते, आणि वेळप्रसंगीं फणसही फोडते. ॲरिस्टॉटलनें मात्र आपल्या राज्यशास्त्राच्या आरंभींच या वृत्तीस नाक मुरडलें आहे. डेल्फीच्या सुरीसारखी अनेक कामांस चालणारी वस्तु घडविणें हें कृपण कारागिराचें लक्षण. निसर्ग तसा कृपण नाहीं, तो एका कामास एक वस्तु निर्मितो, आणि एकाच कामास लावलेलें हत्यार तें काम उत्तम करतें, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ. हें तत्त्व त्यानें तेथें कशासाठीं आणलें आहे हें पाहिलें म्हणजे मात्र मन खट्टू होतें. कारण स्त्री आणि दास हीं निसर्गतःच निराळ्या कामांसाठीं घडलेलीं आहेत, हें दाखविण्यासाठीं तें आलें आहे. माणसास हत्यार समजण्याची ती रीत सोडून देऊं. हत्यारांपुरतें त्याचें म्हणणें खरें आहे. सर्व कामांस चालणारें हत्यार प्रत्येक कामांत थोडें थोडें उणें पडतें. विळीचें उणें पडणें ती वापरणार्‍याच्या बोटास तत्काळ कळतें. रायफलीचें उणें पडणें कोणास कळतें?

बोअर म्हणजे नळीचा आंतील व्यास; इंग्रजी पद्धतींत तो इंचाच्या सहस्रांशांत सांगतात. .२७५ म्हणजे सुमारें सात मिलिमीटर, .३७५ म्हणजे साडेनऊ, .४७० म्हणजे जवळजवळ बारा. पहिलीची गोळी दहा-अकरा ग्रॅमची, दुसरीची एकोणीस ग्रॅमची, तिसरीची बत्तीस ग्रॅमची. जड गोळी हाड मोडून आंत खोल जाते. परंतु तिचा धक्का झाडणार्‍याच्या खांद्यासही तितकाच मोठा बसतो. त्या धक्क्याच्या भीतीनें माणूस चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो, अंग आक्रसतो, आणि नेम हुकतो. शिवाय .४७० ची दुनळी रायफल पांच किलोंच्या आसपास भरते. ती डोंगर चढतांना नोकराच्या खांद्यावर असते आणि हवी त्या क्षणीं हातांत नसते. हलक्या रायफलीचीं काडतुसें स्वस्त, म्हणून सराव होतो, ती दिवसभर बाळगतां येते, नेम बसतो. परंतु गोळी हाडाशीं अडली कीं जनावर जखम घेऊन निघून जातें.

या वादाचें बरेंचसें वाङ्मय आफ्रिकेंत आणि हिंदुस्थानांत निर्माण झालें, व त्यांत दोन पंथ स्पष्ट दिसतात. एका पंथाचा आचार्य वॉल्टर बेल. हा स्कॉटलंडचा गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभीं युगांडांतील कारामोजो प्रांतांत हस्तिदंतासाठीं हिंडला. त्यानें आयुष्यांत एक हजारांहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक .२७५ च्या लहानशा रायफलीनें. हत्तीची कवटी करवतीनें उभी चिरून मेंदू नेमका कोठें असतो याचा त्यानें अभ्यास केला होता. हत्ती कोणत्याही बाजूनें उभा असो, त्याच्या मेंदूची जागा बेलच्या डोळ्यांपुढें असे, आणि मग सात मिलिमीटरची टणक गोळी पुरी होई.

दुसर्‍या पंथाचा भाष्यकार जॉन टेलर. या आयरिश शिकार्‍यानें १९४८ सालीं आफ्रिकेंतील रायफली व काडतुसें या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि गोळीचें वजन, वेग व व्यास यांच्या गुणाकारावरून तिची जनावर पाडण्याची शक्ति मोजणारें एक सूत्रच बसविलें. माणसाच्या हातून चूक होणारच, म्हणून त्या चुकीला पुरून उरेल एवढी गोळी हवी, हा या पंथाचा पाया. सर्व कामांस चालणार्‍या रायफलींत लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांनीं १९१२ सालीं काढलेल्या .३७५ ला टेलरनें अग्रमान दिला. आज आफ्रिकेंतील कित्येक देशांत हत्ती व रानरेडा अशा धोक्याच्या जनावरांस .३७५ हून लहान रायफल कायद्यानेंच चालत नाहीं, हा त्या मताचा विजयच म्हटला पाहिजे. (हा टेलर परवान्यावांचून चोरटी शिकार करी आणि तसें मोकळेपणानें सांगे. असो.)

आमच्या मतें बेल खरा आहे, पण तो बेलपुरता खरा आहे. कवटी चिरून पाहिलेल्या, हात न कांपणार्‍या माणसास लहान गोळी पुरते, एवढेंच त्याच्या उदाहरणावरून सिद्ध होतें. त्याच्या यशाचा हिशेब पुस्तकांत आहे. त्याचें अनुकरण करून जे हुकले त्यांचे हत्ती कोणत्याच पुस्तकांत नाहींत.

येथें एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सर्वोपयोगी म्हणून ज्या काडतुसांची ख्याति आहे त्यांतील पुष्कळ मुळांत एकाच उपयोगासाठीं जन्मलीं, आणि तो उपयोग शिकारीचा नव्हता. बेलची .२७५ म्हणजे इंग्रजी नांव धारण केलेलें सात मिलिमीटरचें माउझर काडतूस. तें स्पेनच्या सैन्यानें स्वीकारलें आणि १८९९ ते १९०२ च्या युद्धांत बोअर शेतकर्‍यांनीं इंग्रजांवर झाडलें. अमेरिकेंत ज्याला घरोघर मान आहे तें .३०-०६ तेथील लष्कराचें १९०६ सालचें काडतूस. आमच्याकडे तर बोअरची निवड जनावराच्या हाडांवरून झालीच नाहीं, ती सरकारच्या धास्तीवरून झाली. लष्करी .३०३ सामान्य प्रजेस निषिद्ध. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर हिंदुस्थानांत बंदी आली, कां, तर बंडखोरांच्या हातांतील जुन्या लष्करी बंदुकांस त्या बोअरचा दारूगोळा मिळूं नये. आणि मग इंग्रज कारखानदारांनीं.४६५, .४७० असे शेजारचे आंकडे काढून आपला धंदा चालू ठेवला. लष्करी काडतूस जींत बसणार नाहीं अशी .३१५ ची रायफल सामान्य परवानेदाराच्या वांट्यास आली ती याच धोरणामुळें. आमच्या मामांच्या वांट्यास आली ती हीच.

मामा गोंदियाच्या बाजूस जंगलाचीं कंत्राटें घेत. इशापूरच्या कारखान्यांत झालेली .३१५ ची एक रायफल त्यांच्यापाशीं होती. चितळ, रानडुक्कर, एखादें अस्वल, सर्वांस तीच. घरांत तिला 'कामधेनु' म्हणत, आणि दसर्‍यास तिची पूजा होई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व्हावयाचा होता. परवाना काढून शिकार करणें हें तेव्हां प्रतिष्ठितांस शोभणारें मानीत. १९६६ च्या फाल्गुनांत मामा गव्याच्या मागें गेले. गव्याचा नर हजार किलोंच्या घरांत जाणारा. त्याच्या खांद्यावरील मांसाची भिंत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगावयास नको. त्यास .३१५ पुरत नाहीं हें मामांस ठाऊक होतें. त्यांच्या पुस्तकांत तीं पानें लाल पेन्सिलीनें खुणा करून ठेवलेलीं आम्ही पाहिलीं आहेत.

दिवस मावळतां मावळतां दीडशें पावलांवर गवा तिरका उभा दिसला. मामांनीं गोळी झाडली. ती लागल्याचा आवाज बरोबरच्या गोंड वाटाड्यानें ऐकला. गवा गुडघ्यावर आला, उठला, आणि बांबूंत शिरला. दुसर्‍या दिवशीं पहाटेपासून दोघांनीं रक्ताचा माग काढला; दुपारीं नाल्याच्या खडकावर तो हरपला. तिसर्‍या दिवशीं लांकडांचा लिलांव होता, म्हणून मामा परतले.

चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचावयास गेलेल्या एका माणसावर एकलकोंडा गवा चालून आला. मांडीचें हाड मोडलें. माणूस वांचला, पण पुढें त्याला जमिनीवर मांडी घालून बसतां आलें नाहीं. गवा तोच होता कीं दुसरा, हें कधींच ठरलें नाहीं. त्याच्या खांद्यावर व्रण होता असें कोणी म्हणे. नव्हता, असें कोणी म्हणे. मामांनीं पुराव्याची वाट पाहिली नाहीं. त्या घरीं दर वर्षीं दोन पोतीं तांदूळ ते पोंचवीत, आणि तें कशाबद्दल हें मामींसही पुष्कळ वर्षें माहीत नव्हतें.

आम्ही कॉलेजांत असतांना एकदां धीर करून विचारलें, "मामा, चूक बंदुकीची कीं तुमची?" ते म्हणाले, "अरे, वीस वर्षें मी म्हणत आलों कीं बंदूक चांगली होती, संध्याकाळ वाईट होती. पण संध्याकाळ कांहीं माझ्या अंगावर चालून आली नव्हती. मी घरीं येऊं शकलों असतों." मग थोड्या वेळानें म्हणाले, "मोठी बंदूक असती तर ती घेऊन गेलों असतों. अजिबात नसती तर गेलोंच नसतों. एकच होती, आणि ती सगळ्याला चालते असें आम्हीच म्हणत होतों. म्हणून ती गव्यालाही चालेल असें वाटलें."

मामा तर्कशास्त्र शिकलेले नव्हते. परंतु शब्दाच्या अर्थांत झालेला पालट त्यांनीं अचूक धरला होता. 'या रायफलीनें पुष्कळ प्रकारचीं जनावरें मारतां येतात' या वाक्यांतून 'समोर येईल त्या जनावरावर ती झाडण्यास हरकत नाहीं' हें वाक्य केव्हां निघालें, हें त्यांचें त्यांसही कळलें नाहीं. ज्याच्यापाशीं निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या रायफली आहेत तो घरांतून निघतांनाच आज काय करावयाचें याचा निश्चय करून निघतो. कपाटापुढें उभें राहण्याच्या त्या दोन मिनिटांत त्याचा विचार होऊन जातो. एका रायफलीच्या धन्यास ही सोय नाहीं. त्याला तो विचार प्रत्येक वेळीं रानांत, जनावर समोर असतांना, श्वास रोखून करावा लागतो. त्यानें ओझें हलकें केलें असें त्याला वाटतें. वस्तुतः तें खांद्यावरून उतरून दुसरीकडे गेलेलें असतें.

अर्थात् पुष्कळ रायफली बाळगल्यानें संयम येतो असेंही नाहीं. थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं आफ्रिकेंत गेले तेव्हां त्यांच्यापाशीं लहान, मध्यम, मोठी अशी प्रत्येक कामाची निराळी रायफल होती. त्या सफरींत त्यांनीं व त्यांच्या मुलानें मिळून ५१२ जनावरें मारलीं. संग्रहालयांसाठीं, असें म्हणतात. पण हा आंकडा वाचतांना संग्रहालय डोळ्यांपुढें येत नाहीं.

रायफल उणी पडली तर तें कोणास कळतें, असें आम्ही वर विचारलें. कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीची हकीकत जिम कॉर्बेट यांनीं लिहून ठेवली आहे, ती येथें आठवते. नेपाळांत व कुमाऊंत मिळून ४३६ माणसें या वाघिणीच्या नांवावर आहेत; बळी पडलेल्यांत रानांत गवत कापणार्‍या, पाला तोडणार्‍या बायका पुष्कळ. १९०७ सालीं कॉर्बेट यांनीं तिला मारलें, तेव्हां तिच्या तोंडाच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. ती जुनी बंदुकीच्या गोळीची जखम होती, आणि तिच्यामुळेंच नैसर्गिक भक्ष्य मारणें तिला अशक्य झालें असा त्यांचा निष्कर्ष. ती गोळी कोणी झाडली? कोणत्या बोअरची होती? संध्याकाळ होती काय? तो इसम घरीं जाऊन जेवला असेल, आणि एक वाघ थोडक्यांत हुकला असें सांगत राहिला असेल. पुढच्या वर्षांत डोंगरांतील त्या गांवांचे दरवाजे दिवसाढवळ्या कां बंद होऊं लागले, हें त्याच्या कानींही गेलें नसेल.

म्हणून बोअरच्या प्रश्नास आम्ही नीतीचा प्रश्न म्हणतों. हत्यार उणें पडलें तर त्याची किंमत हत्यार निवडणारा देत नाहीं. ती प्रथम जनावर देतें, दिवसचे दिवस देतें, आणि मग कदाचित् तिसराच कोणी देतो. ज्या व्यवहारांत तोटा दुसर्‍याच्या नांवें मांडला जातो, त्यांत काटकसरीचा अर्थ बदलतो.

मोठी गोळी घ्या म्हणजे झालें, असें यावर कोणी म्हणेल. त्यास आम्ही रामायणांतील दशरथाची आठवण करून देऊं. शरयूच्या कांठीं अंधारांत घागर भरण्याचा आवाज ऐकून, हत्ती पाणी पितो असें समजून, त्यानें शब्दवेधी बाण सोडला. त्या बाणांत कांहींच उणें नव्हतें. नेम तर इतका सिद्ध कीं डोळ्यांची गरज नव्हती. आणि डोळ्यांची गरज नसण्याचा तो अभिमानच श्रावणाच्या छातींत रुतला. गोळीचें बळ वाढविल्यानें चुकीला आसरा मिळतो हें टेलरचें म्हणणें मान्य. पण तोच आसरा माणसास दूरवर, अंधुक उजेडांत, तिरक्या अंगावर गोळी टाकण्यास धीट करतो.

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरीं मांस शिजत नाहीं असे पुष्कळ असतील, आणि त्यांना हा सगळा ऊहापोह, गळा कोणत्या सुरीनें कापावा याच्या चर्चेसारखा वाटत असेल. आम्हीही त्यांच्यांतलेच आहों. न मारणें हें उत्तम, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु जो मारणारच आहे त्याला कसें मारूं नये हें सांगण्याचें नाकारून आपले हात स्वच्छ ठेवावे, हें आम्हांस अहिंसेपेक्षां सोंवळ्याच्या अधिक जवळचें वाटतें. बर्फांत चार महिने कोंडल्या जाणार्‍या कुटुंबानें काय खावें हें पुण्याच्या डाळभातावरून ठरविण्यास आम्ही धजलों नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं लिहिलें तें असें. .३७५ घेऊं नये. ती अस्वलास उत्तम आहे, पण तिचा धक्का तुम्हांस सोसणार नाहीं, काडतुसें महाग म्हणून सराव होणार नाहीं, आणि ती खुंटीवरच राहील. .३०-०६ घ्यावी. तिला सुमारें दहा ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंतच्या गोळ्या मिळतात. मूससाठीं जड गोळी वापरावी. त्या रायफलीच्या किंमतीइतकेच पैसे काडतुसांसाठीं निराळे ठेवून उन्हाळाभर निशाणावर झाडावींत. दहांपैकीं दहा गोळ्या हातभर रुंदीच्या थाळींत ज्या अंतरावरून पडतील तें अंतर रायफलीच्या दस्त्यावर लिहून ठेवावें, आणि त्याच्या पलीकडचें जनावर आपलें नव्हे असें समजावें. पांढर्‍यावर काळें वाचतां येत नाहीं इतका उजेड कमी झाला कीं काडतूस काढून घ्यावें. मारलेल्या मूसचें खाण्याजोगें मांस टाकून देणें हा अलास्कांत गुन्हा आहे. जखमी होऊन गेलेलें जनावर हें कायद्याच्या नजरेस पडत नसलें तरी तसेंच टाकलेलें मांस आहे असें धरावें. आणि अस्वलासाठीं रायफलीवर विसंबूं नये. अलास्कांतील प्रसंगांच्या २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मिरचीच्या अर्काचा फवारा तपकिरी अस्वलास शेंकडा ९२ प्रसंगीं परतवूं शकला. तर २०१२ च्या दुसर्‍या अभ्यासांत, अस्वल जवळ आलें असतां बंदूक झाडणारे आणि जवळ असून न झाडणारे यांच्या दुखापतींच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. तो डबा कंबरेला असावा. (मिरचीचें हें माहात्म्य आमच्या घरांतील मंडळींस मुळींच नवें वाटलें नाहीं.)

म्हणजे एक रायफल मागणार्‍यास आम्हीं दोन वस्तु घ्यावयास सांगितल्या, आणि दोनांपैकीं एक रायफलच नव्हती.

आश्विनाच्या अखेरीस त्यांचें उत्तर आलें. रायफल आम्हीं सांगितली तीच घेतली होती. दस्त्यावर '१८० पावलें' असा आंकडा चाकूनें कोरला होता. नऊ दिवस ते हिंडले. सातव्या दिवशीं संध्याकाळीं विलोच्या झुडुपांत मोठा नर उभा होता. अंतर अडीचशें पावलें असावें, कदाचित् कमी, नीट दिसत नव्हतें. ते बराच वेळ झाडास टेंकून बसून राहिले, आणि अंधार पडल्यावर चालत घरीं आले. शेजार्‍यानें आपल्या मूसची एक मांडी दिली, बाकीचें मांस दुकानांतून आणलें. पत्राच्या शेवटीं, मामांनीं त्या घरीं तांदूळ किती वर्षें पोंचविला, असें त्यांनीं विचारलें होतें.

मामींस विचारून आम्हीं कळविलें: एकतीस.